एकच अर्ज

पेढे किती घ्यावेत, हा प्रश्न मला आयुष्यांत प्रथम पडला तो वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, अमेरिकेंतील एडिसन गांवीं, ओक ट्री रस्त्यावरील एका मिठाईच्या दुकानांत. 2024 सालचा हिंवाळा सरत आला होता. घरांत कोणाचा निकाल लागला कीं पेढे वांटावेत, ही आपली जुनी रीत. तींत विचार करण्यासारखें कधीं कांहीं नसतें. पण त्या दिवशीं माझ्या थोरल्या मुलाच्या मुलीस हवी ती शाळा मिळाली होती, आणि धाकट्याच्या मुलीस मिळाली नव्हती. दोघी एकाच वर्षाच्या. थोरल्याची चार महिन्यांनीं मोठी म्हणून तिला सारे 'ताई' म्हणतात, धाकट्याची ती 'छबी'. धाकट्याच्या घरीं पेढे न्यावेत तर जखमेवर मीठ चोळल्यासारखें होणार. न न्यावेत तर ताईच्या यशाची चोरी केल्यासारखें. दुकानदारानें तीनदां विचारल्यावर मीं अर्धा पौंड घेतले, आणि डबा पर्सच्या तळाशीं दडवला.

ज्या शाळांवरून हें सारें झालें त्यांची हकीकत लिहावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. आतां आपल्यापैकीं बहुतेक घरांतून एखादें तरी माणूस परदेशीं असतें, आणि नातवंडांच्या शाळेचा विषय फोनवर निघाला कीं इकडील आजी-आजोबा नुसतें 'हो, हो' म्हणतात. मी स्वतः पुण्यास एकतीस वर्षें शिक्षिका होतें. तरीहि तेथें जाऊन राहीपर्यंत मीहि 'हो, हो'च म्हणत असें.

माझे दोघे मुलगे न्यू जर्सी राज्यांत राहतात. आपले पुणें व सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढा प्रदेश होईल त्याहून हें राज्य लहानच आहे. परंतु तेवढ्यांत 21 काउंट्या आणि सुमारें सहाशें शाळामंडळें आहेत. बहुतेक गांवाचें शाळामंडळ वेगळें, आणि त्याचा खर्च बराचसा त्या गांवच्या घरपट्टींतून चालावयाचा. घर विकत घेणारीं माणसें स्वयंपाकघर पाहण्यापूर्वीं शाळेची चौकशी करतात तें ह्याच कारणानें. थोरल्याचें घर मिडलसेक्स काउंटींत, एडिसनला. धाकट्याचें लागूनच असलेल्या मॉनमथ काउंटींत. मोटारीनें मध्यें अर्ध्या तासाचें अंतर. 2023 च्या ऑक्टोबरांत मी सहा महिन्यांसाठीं गेलें तेव्हां दोघी नाती आठवींत होत्या, आणि दोन्ही घरांत बोलावयास विषय एकच होता. तिकडे हायस्कूल नववीपासून चार वर्षांचें असतें. त्यासाठीं गांवच्या नेहमींच्या हायस्कुलांत जावें, कीं काउंटीच्या 'मॅग्नेट' शाळेचा अर्ज भरावा, हें आठवीच्या हिंवाळ्यांतच ठरवावें लागतें.

मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक. शाळेस हें नांव मला प्रथम फार गोड वाटलें. मागाहून त्याचा इतिहास वाचला तेव्हां विचारांत पडलें. गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानें वेगळ्या ठेवणें घटनेस धरून नाहीं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें 1954 सालीं दिला. पण वस्त्याच वेगळ्या, त्यामुळें शाळाहि वेगळ्याच राहिल्या. मुलांना बसगाड्यांत घालून परक्या वस्तींतील शाळेंत पोंचवूं लागतांच 1974 सालीं बोस्टन शहरांत त्या गाड्यांवर दगडफेक झाली. सक्ति जेथें चालत नाहीं तेथें ओढ निर्माण करावी, ही त्यावरील तोड. वॉशिंग्टन राज्यांतील टकोमा गांवीं 1968 सालींच तसा प्रयोग झाला होता. मॅकार्व्हर नांवाच्या, बहुतेक काळ्या मुलांच्या प्राथमिक शाळेंत शिकवण्याची तऱ्हाच इतकी नवी करावयाची कीं गोऱ्या आईबापांनीं आपण होऊन मुलें तेथें पाठवावींत, अशी ती कल्पना. म्हणजे हा चुंबक मूळचा दूर दूर असलेल्यांस एकत्र आणण्यासाठीं होता. न्यू जर्सीनें तर 1947 च्या आपल्या राज्यघटनेंतच शाळांतील वर्णभेदास मनाई करून ठेविली आहे. तरीहि शाळा अजून वेगवेगळ्याच आहेत असा दावा 2018 सालीं राज्यावर लागला, आणि मी तेथें पोंचलें त्याच महिन्यांत न्यायाधीशानें तो कांहीं अंशीं मान्य केला.

परंतु आमच्या घरांत ज्या शाळांची चर्चा चाले त्यांचें कूळ निराळें आहे. न्यू जर्सींत प्रत्येक काउंटीस धंदेशिक्षणाचें एक मंडळ असतें. सुतारकाम, नळकाम, मोटारदुरुस्ती शिकविणारीं हीं मंडळें. हुशार म्हणविणाऱ्या घरांतील मुलें त्यांच्या वाटेस सहसा जात नसत. ह्याच मंडळांनीं पुढें विज्ञानाच्या व तंत्रविद्येच्या लहान लहान निवडक शाळा काढल्या. मॉनमथ काउंटीनें 1981 सालीं समुद्रविज्ञानाची मरीन अकॅडमी काढली, 1991 सालीं हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल. बर्गन काउंटींत जॉन ग्रिएको ह्या गृहस्थांनीं 1992 सालीं अकॅडमी सुरू केली. आज ज्यांच्या प्रवेशासाठीं डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरांतून झोप उडालेली असते त्या शाळा सुतारशाळेच्या पोटीं जन्मलेल्या आहेत, ही गोष्ट मला फार गंमतीची वाटते. ह्या शाळांस फी नाहीं. मूल ज्या गांवचें, त्या गांवचें शाळामंडळ काउंटीच्या मंडळास त्याचे पैसे भरतें आणि नेण्याआणण्यास बसहि देतें. अट एकच : मूल त्या काउंटीचें रहिवासी पाहिजे.

ही अट लहान दिसते. पण सारें नाटक तिच्याभोंवतीं आहे. थोरला माझा स्वभावानें मोठा पद्धतशीर. त्यानें संगणकावर एक तक्ता तयार केला होता. राज्यांतील नामांकित अशा चौदा शाळा उभ्या रांगेंत, आणि आडव्या रांगेंत परीक्षांतील सरासरी गुण, वरच्या दर्जाच्या विषयांची संख्या, कोणत्या वर्षीं कोणत्या साप्ताहिकानें कितवा क्रमांक दिला वगैरे. नोव्हेंबरांत एका रविवारीं सगळे जण धाकट्याच्या घरीं जमलों असतां तो तक्ता भिंतीवरील पडद्यावर झळकला. मीं चष्मा पुसून पाहिला आणि विचारलें, "ह्या चौदांपैकीं ताईला किती चालतील?" तो म्हणाला, "दोन." "आणि छबीला?" "पांच, पण त्यांतल्या एकीलाच अर्ज करता येतो." मग बाकीच्या ओळी कशासाठीं, असें मीं विचारलें नाहीं. माणसें पत्रिका जुळवतांना न येणाऱ्या स्थळांच्याहि पाहतात.

तरी त्या तक्त्याच्या निमित्तानें मला शाळा पाहावयास मिळाल्या. प्रवेशेच्छु मुलांच्या आईबापांसाठीं हिंवाळ्याच्या तोंडीं संध्याकाळीं शाळा उघड्या ठेवतात. मी आजी असल्यामुळें आणि नऊवारी नेसून गेल्यामुळें मला सगळीकडे पुढची खुर्ची मिळाली.

मिडलसेक्स काउंटीची एडिसन येथील शाळा 2000 सालची. काउंटीच्या कॉलेजच्या आवारांत, सगळीं मिळून दोनशेंहूनहि कमी मुलें. गणित आणि इंजिनिअरिंग हा तिचा प्राण. वुडब्रिजला तिची एक बहीण आहे, ती वैद्यकाकडे वळणाऱ्या मुलांची. एडिसनच्या शाळेंत मी एका वर्गाबाहेर उभी होतें. दोन मुलें फळ्यापाशीं एका उदाहरणावरून तावातावानें भांडत होतीं आणि आम्ही आलों ह्याची त्यांना शुद्धच नव्हती. असें भांडण मीं माझ्या एकतीस वर्षांत वर्गांत फार तर चार-पांचदां ऐकलें असेल. ताईचे डोळे तेथेंच चमकले. ती लहानपणापासून पायऱ्या मोजत जिना चढणारी. तिला वेगळें कांहीं विचारण्याची गरजच नव्हती. गांवचें हायस्कूल तसें नांवाजलेलेंच आहे, पण तेथें दोन हजारांच्या वर मुलें. त्या गर्दींत ही अबोल पोर भिंतीस चिकटून चार वर्षें काढील अशी तिच्या आईस धास्ती होती. लहान शाळेला मैदान नाहीं, खेळाचे संघ नाहींत. खेळावयाचें तर मुलांनीं आपल्या गांवच्या हायस्कुलाच्या संघांत जावें. ताईला त्याचें कांहींच वाटलें नाहीं.

बर्गन काउंटींत माझ्या यजमानांची भाची राहते. तिचा मुलगा हॅकेन्सॅकच्या अकॅडमींत आहे, म्हणून एका संध्याकाळीं तीहि पाहून आलें. ती शाळा आमच्या दोन्ही नातींच्या कक्षेबाहेरची, तरीहि तिजविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. एका छपराखालीं सात शाखा आणि सुमारें अकराशें मुलें. वैद्यक, संगणक, व्यापार, नाट्य व चित्रकला, आणि त्यांच्या जोडीनें चक्क पाकशास्त्र! शाळा सुटते ती दुपारीं चार वाजून गेल्यावर. एका दालनांत इलेक्ट्रॉनच्या किरणांनीं पाहावयाचा सूक्ष्मदर्शक, ज्याची किंमत ऐकून मला पाणी मागावें लागलें; आणि त्याच इमारतींत पांढऱ्या टोप्या घातलेलीं मुलें कांदा कसा चिरावा हें शिकत असलेलीं. ह्या दोघांस इतिहास आणि गणित मात्र एकाच दर्जाचें. भाचीला मीं विचारलें, पाकशास्त्रांत जाणारा मुलगा तुमच्यांत लग्नास चालतो का? ती हंसली आणि म्हणाली, "मामी, आधी चवीला चालतो का ते बघा." मोठ्या शाळेचा हा एक गुण मला तेथें दिसला. चौदाव्या वर्षीं केलेली निवड चुकली तरी आजूबाजूला दुसऱ्या जातीचीं मुलें दिसत राहतात.

मॉनमथ काउंटीचा घाट अगदीं उलट. तिनें एक मोठी शाळा न करितां पांच लहान शाळा पांच ठिकाणीं पसरून ठेविल्या आहेत, प्रत्येकींत तीनशेंच्या आसपास मुलें. लिंक्रॉफ्टला ब्रुकडेल कॉलेजच्या आवारांत हाय टेक्नॉलॉजी. नेपच्यूनला 1996 सालची वैद्यकास पूरक अशा विद्यांची. वॉल गांवीं 2000 सालची वृत्तपत्र-चित्रपट वगैरेंची. फ्रीहोल्डला 2005 सालची जीवतंत्राची. आणि सर्वांत जुनी ती मरीन अकॅडमी, सँडी हुक नांवाच्या वाळूच्या लांबच लांब जिभेवर, लष्करानें सोडून दिलेल्या फोर्ट हॅनकॉकच्या जुन्या इमारतींत. तेथें मुलांना नौदलाच्या धर्तीची कवाईत सक्तीची आहे, ठराविक दिवशीं गणवेष असतो, आणि शाळेची स्वतःची नौका आहे. पांचांमध्यें हाय टेक्नॉलॉजीचें नांव सगळ्यांत मोठें. विज्ञान-तंत्रविद्येच्या शाळांच्या देशव्यापी यादींत ती एकाहून अधिक वर्षीं पहिली आलेली आहे. थोरल्याच्या तक्त्यांत तिची ओळ हिरव्या रंगाची होती. मरीन अकॅडमी पुष्कळ खालीं होती.

छबी चार वर्षांपूर्वीं माझ्याबरोबर दापोलीस आली होती. दापोली माझें माहेर. संध्याकाळीं आम्ही हर्णैच्या बंदरावर गेलों. आमची शाकाहारी मंडळी नाकाला पदर-रुमाल लावून गाडींत बसली. ही नऊ वर्षांची पोर मात्र माशांच्या लिलावांत घुसून कोळणींना एकेका मासळीचें नांव विचारीत दीड तास हिंडत होती. परत आली ती पायांपासून केंसांपर्यंत वास घेऊन, आणि हातांत एक मेलेला समुद्रघोडा. त्या वर्षापासून तिला समुद्राखेरीज दुसरा विषय नाहीं. तेव्हां पांच शाळांपैकीं तिनें कोणती मनांत धरली असेल हें वाचकांस सांगावयास नको.

बैठकीच्या त्या रात्रीं ती माझ्या अंथरुणांत येऊन निजली. "आजी, तू बाबाला सांग ना. तू टीचर होतीस, तुझं तो ऐकतो." धाकटा खरोखरच माझें ऐकतो. त्याचें स्वतःचें मन दोहींकडे हेलकावत होतें. एकच अर्ज, आणि तोहि 'खालच्या' शाळेस वाया घालवावा कीं काय, ह्या विचारानें तो बेजार झाला होता. मी जिकडे बोट दाखवीन तिकडे तो गेला असता.

आतां येथें मला स्वतःविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. माझ्या थोरल्या भावाला सातवीनंतर पुण्यास काकांकडे ठेवून एका नामांकित शाळेंत घातलें. दोन वर्षांनीं मी सातवीच्या शिष्यवृत्ति परीक्षेंत त्याच्याहून अधिक गुण मिळविले. मास्तर आमच्या घरीं येऊन वडिलांना म्हणाले कीं हिलाहि पुण्यास पाठवा. वडील म्हणाले, "मुलीची शाळा घराच्या ओसरीवरून दिसली पाहिजे." मी ओसरीवरून दिसणाऱ्या शाळेंत शिकलें. तेथील शिक्षक चांगले होते. मी पदवीधर झालें, नोकरी केली, माझें कांहीं अडलें नाहीं. पण भाऊ सुट्टींत घरीं येई तेव्हां त्याच्या बोलण्यांत त्या शाळेची प्रयोगशाळा, तिचें ग्रंथालय, तिची नाटकें येत, आणि मी भाकऱ्या थापीत तें ऐकत असें. 'मोठी शाळा' ही माझ्या मनांत साठ वर्षें तशीच एक उजळलेली खिडकी होऊन राहिली आहे.

त्या खिडकीनें त्या रात्रीं माझ्या तोंडून उत्तर दिलें. मीं छबीच्या केंसांवरून हात फिरवीत म्हटलें, "अग, समुद्र काय, उद्यांहि राहील. नांवाजलेली शाळा पुन्हां मिळत नाहीं." ती कांहीं बोलली नाहीं. सकाळीं धाकट्यालाहि मीं तेंच सांगितलें. अर्ज हिरव्या ओळीच्या शाळेस गेला.

पुढचे दोन महिने दोन्ही घरांत परीक्षेची तयारी. एडिसनला शिकवण्यांचे वर्ग इतके कीं आपल्या सदाशिव पेठेनें लाजावें. शनिवारीं सकाळीं गणित, दुपारीं इंग्रजी निबंध. वर्गाबाहेर मोटारींच्या रांगा, आंत बहुतेक चेहरे आपल्याकडचे नाहीं तर चीनकडचे. टकोमाच्या त्या चुंबकाची मला तेथें वरचेवर आठवण होई. काळीं मुलें मला त्या रांगेंत फारशीं दिसलीं नाहींत. आणि ज्यांच्या आईस शनिवारींहि दुकानांत उभें राहावें लागतें त्यांनीं तेथें यावें तरी कसें?

निकाल आधीं ताईचा आला. घरांत आनंदीआनंद झाला. चार दिवसांनीं छबीचा आला तेव्हां मी धाकट्याकडेच होतें. तिनें पत्र एकटीनेंच वाचलें, संगणक मिटला, स्वयंपाकघरांत जाऊन ताटलींत दहीभात वाढून घेतला आणि उभ्यानेंच खाल्ला. मग मला विचारलें, "ताईला मिळाली ना?" मीं मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली, आणि वर आपल्या खोलींत गेली. तिच्या आवाजांत रागाचा लवलेश नव्हता. तो असता तर मला सोसलें असतें.

कोणाचा दोष? शाळेचा मुळींच नाहीं; जागा थोड्या, मुलें फार, कोणास तरी नाहीं म्हणावेंच लागतें. समुद्राच्या शाळेस अर्ज केला असता तर ती मिळालीच असती असेंहि कोणी सांगूं शकत नाहीं. पण ते दार तिनें ठोठावलेंहि नाहीं, आणि तिचा हात मीं धरला होता.

पुढल्या शनिवारीं मी एडिसनहून पेढे घेऊन धाकट्याकडे गेलें ती अशा मनानें. डबा पर्समध्यें तसाच होता. संध्याकाळीं मीं छबीला चष्मा आणावयास सांगितलें, आणि ती पर्स धुंडाळतांना तिच्या हातीं डबा लागला. तिनें झांकण उघडलें, माझ्याकडे एकदां पाहिलें, एक पेढा तोंडांत टाकला, एक बापाच्या हातावर ठेवला. "ताईचे ना? मग लपवलेस कशाला?" धाकटा पेढा हातांत घेऊन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

माझी थोरली सून औषधांच्या कंपनींत आंकडेशास्त्राचें काम करते. हळव्या गोष्टींविषयीं ती सहसा बोलत नाहीं. पण मी उदास झाल्याचें तिच्या ध्यानांत आलें असावें. एके दुपारीं भाजी निवडतां निवडतां ती म्हणाली, "आई, एखाद्या औषधानं गुण आला असं म्हणायचं तर ते घेतलेले आणि न घेतलेले रोगी आधी सारखे असावे लागतात. ह्या शाळा आधी हुशार मुलं निवडतात आणि मग त्यांचे गुण मोजतात. आमच्याकडच्या तक्त्यात शाळेचे गुण किती आणि मुलांचे स्वतःचे किती, हे कुणाला सांगता येणार आहे?" मग तिनें मला एका अभ्यासाविषयीं सांगितलें. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक ह्या तिघा अर्थशास्त्रज्ञांनीं बोस्टन व न्यू यॉर्क येथील परीक्षा घेऊन मुलें निवडणाऱ्या सरकारी शाळांचा तो अभ्यास केला, आणि 2014 सालीं प्रसिद्ध केला. प्रवेशाच्या रेषेच्या किंचित् वर राहिल्यामुळें आंत गेलेलीं मुलें, आणि किंचित् खालीं राहिल्यामुळें बाहेर राहिलेलीं मुलें, हीं जवळ जवळ सारखींच; त्यांची पुढील प्रगति त्यांनीं ताडून पाहिली. आंत गेलेल्यांचे परीक्षांतील गुण बाहेरच्यांहून म्हणण्यासारखे वाढलेले त्यांना आढळले नाहींत. त्या निबंधाच्या नांवांतच ह्या श्रेष्ठत्वाला भ्रम म्हटलें आहे.

मीं सुनेला विचारलें, "मग तूं ताईला कां पाठवतेस?" तिनें भेंडीचें देंठ खुडीत उत्तर दिलें, "गुणांसाठी नाही. तिला भांडायला कुणीतरी मिळावं म्हणून." फळ्यापाशीं भांडणारीं तीं दोन मुलें तिनेंहि पाहिलीं होतीं तर! खरें सांगावयाचें तर आंकडे कांहींहि म्हणोत, तीं दोन मुलें आणि हॅकेन्सॅकचा तो सूक्ष्मदर्शक खोटे नव्हते. ताईसारख्या पोरीस तें घर आहे. चूक शाळा निवडण्यांत नव्हती. मीं छबीसाठीं शाळा निवडली ती तक्त्याच्या हिरव्या ओळीवरून आणि माझ्या साठ वर्षांपूर्वींच्या खिडकीवरून. त्यांत छबी कोठेंच नव्हती.

आपल्याकडेहि हें कांहीं अगदींच अपरिचित नाहीं. पुण्यांत 1969 सालीं ज्ञानप्रबोधिनीची प्रशाला बुद्धिमापन करून मुलें घेऊं लागली तेव्हां किती घरांतून अशीच खळबळ झाली होती, तें मला आठवतें. जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात 1985-86 सालीं झाली तेव्हां पहिल्या दोहोंपैकीं एक आपल्या अमरावतीस निघालें; तीं जिल्ह्याला बहुधा एक, आणि निदान पाऊणशें टक्के जागा खेड्यांतील मुलांसाठीं. पण तेथें निवड करावयाची ती शाळेनें, 'पांचांतली कोणती?' हा पेंच खेड्यांतल्या आईबापांवर येत नाहीं. मॉनमथच्या आईबापांना तें सुख नाहीं. पांच दारें समोर उघडीं आणि हातांत किल्ली एक, अशी त्यांची गत; आणि पैकीं एका दारावर मोठ्या अक्षरांत 'पहिला क्रमांक' असें लिहिलेलें.

एप्रिलांत, निघण्याच्या आदल्या रविवारीं, मीं धाकट्याला म्हटलें कीं मला सँडी हुक दाखव. तो कांहीं न बोलतां गाडी काढून आला. वारा बोचरा होता. वाळूच्या त्या जिभेवर 1764 सालीं बांधलेलें दीपगृह आहे. अमेरिकेंत अजून चालू असलेल्या दीपगृहांत तें सर्वांत जुनें. त्याच्या पलीकडे फोर्ट हॅनकॉकच्या पिवळसर विटांच्या इमारती, पुष्कळशा पडक्या. आणि त्यांतच नीटनेटकी केलेली ती शाळा. सुट्टी असल्यामुळें सर्वत्र सामसूम. पाण्यापलीकडे न्यू यॉर्कचे उंच मनोरे धुक्यांत उभे होते. मीं छबीला विचारलें, "आंत जाऊन पाहावयाची आहे का कोठून?" ती म्हणाली, "नको, बघितलीय," आणि मला हाताला धरून समुद्राकडे घेऊन गेली.

सप्टेंबरपासून ती गांवच्या हायस्कुलांत जाणार होती. तेथें समुद्रशास्त्र हा विषय नाहीं. जीवशास्त्राच्या बाईंना ती आधींच भेटून आली होती, हें मला तिच्या आईकडून मागाहून कळलें. मीं काठाशीं उभी राहून, गेले कित्येक आठवडे घशांत अडकलेलें वाक्य कसेंबसें बाहेर काढलें : "छबे, त्या रात्रीं मीं तुला जें सांगितलें तें चुकलें माझें." ती खालीं वाकून कांहीं शोधत होती. "हूं," म्हणाली. माफ केलें कीं ऐकलेंच नाहीं, हें मला कळलें नाहीं, आणि पुन्हां विचारण्याचें धैर्य झालें नाहीं.

तिला घोड्याच्या नालेच्या आकाराचें एक मोठें तपकिरी कवच सांपडलें, मागें लांब टोंकदार शेंपूट. ह्याला लोक खेकडा म्हणतात, पण हा मुळीं खेकडाच नव्हे, कोळी आणि विंचवांचा चुलत भाऊ आहे. ह्याचें रक्त निळें असतें, आणि टोंचायच्या औषधांत जंतूंचें विष राहिलें आहे का तें त्या रक्तानें तपासतात, "काकूच्या कंपनीत विचार हवं तर," असें सारें तिनें वाऱ्यावर ओरडून मला सांगितलें. मग कवच उलटें करून आंतल्या पायांच्या जागा एकेक करून मोजून दाखवल्या. मी ओणवी होऊन पाहत होतें तोंच एक लाट आली आणि आम्ही दोघी घोट्यापर्यंत भिजलों. धाकटा दुरून ओरडला, "आई, मागे ये, थंडी बाधेल!" छबीनें त्याच्याकडे लक्ष दिलें नाहीं, ती अजून पाय मोजीत होती.